अधिक चिन्हाचा मान

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बुल्सारा, म्हणजे फ्रेडी मर्क्युरी, २४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडनमध्ये वारला. ‘क्वीन’चा आवाजच गेला. पुढे बास गिटारवाला जॉन डीकनही बाजूला झाला. उरले ब्रायन मे आणि रॉजर टेलर.

२००५ साली हे दोघे पॉल रॉजर्सला घेऊन दौऱ्यावर निघाले. नाव लावले ‘क्वीन अधिक पॉल रॉजर्स’. ते अधिक चिन्ह मला फार शहाणपणाचे वाटते. रिकाम्या खुर्चीत कुणाला बसवले नाही, शेजारी दुसरी मांडली. मुशायऱ्यात दिवंगत शायराची गझल दुसऱ्याने म्हटली, तरी दाद शायरालाही पोहोचतेच की!

रॉजर्सची साथ २००९मध्ये सुटली. २०१२पासून अ‍ॅडम लँबर्ट त्यांच्याबरोबर मैफली करू लागला. फ्रेडी गेला तेव्हा हा नऊ वर्षांचा. काही जुन्या चाहत्यांनी नाक मुरडले. प्रेमात एवढा हट्ट चालायचाच. बाकीच्यांनी मात्र स्टेडियमे भरली. त्यांना विसराळू म्हणणे अन्यायाचे होईल. या दौऱ्यांत ‘लव्ह ऑफ माय लाइफ’च्या वेळी लँबर्ट रंगमंचावर नसे. म्हातारा ब्रायन एकटाच गिटार घेऊन बसे, गाणे लोक म्हणत आणि शेवटी पडद्यावर फ्रेडी येई.