त्रिशूळावरचा 'बी' : मुंबईत पडलेल्या एका डॉलरची कहाणी

आमच्या लांज्याच्या घरी दादीची पत्र्याची पेटी आहे. जमिनीचे जुने कागद, निकाहनामे, पिवळी पडलेली पत्रे आणि अगदी तळाशी चिंधीत गुंडाळलेले चांदीचे एक मोठे नाणे. घरात सगळे त्याला 'परदादांचा डालर' म्हणतात. परदादा बोटीवर खलाशी होते, हाँगकाँग, सिंगापूर पाहून आले होते, एवढेच ऐकलेले. म्हणून हा डॉलर विलायतेचा नाहीतर अमेरिकेचा, असे आम्ही धरून चाललो होतो. वर्गात आम्ही मुलांना इतिहास शिकवतो. पण पेटीतला इतिहास वाचायला आम्हाला उशीर झाला, आणि वाचण्याआधी आम्ही तो थोडा पुसूनही टाकला. ती चूक कबूल करावी, आणि तिच्यातून जे कळले ते सांगावे, म्हणून हा लेख.

नाण्याच्या एका बाजूस किनाऱ्यावर उभी असलेली ब्रिटानिया आहे. एका हातात त्रिशूळ, दुसऱ्या हाताखाली ढाल, मागे शिडाचे जहाज, खाली सन 1909. दुसऱ्या बाजूस नक्षीच्या मधोमध दीर्घायुष्याचे चिनी चिन्ह आहे. चिनी अक्षरांत 'एक डॉलर', आणि त्याच्या जोडीला ओळखीची लिपी! उर्दू शिकवण्यात दिवस जाणाऱ्या आमच्यासारख्यांनी ती सहज वाचायला हवी. पहिला शब्द लागला, 'सातू'. दुसऱ्याशी अडलो. ऐनवर तीन नुक्ते आणि काफवर एक, असली अक्षरे आपल्या काइद्यात नाहीत. ही जावी लिपी. मलय भाषा अरबी अक्षरांत लिहिताना तिच्या खास ध्वनींसाठी जादा नुक्ते दिले गेले, जसे आपण उर्दूत टे, डाल, ड्रे यांसाठी 'तोय'ची खूण दिली. शब्द होता 'रिंगित'. अर्थ, दातेरी. जुन्या स्पॅनिश डॉलरच्या कडेला दाते असत, म्हणून मलयात डॉलरचे नावच ते पडले.

खरे आश्चर्य त्रिशूळावर होते. दहापट मोठे दाखवणारे भिंग लावले, तेव्हा मधल्या शूळावर खोलगट कोरलेला बारीक 'बी' दिसला. 'बी' म्हणजे बॉम्बे. परदेशातून आणलेला हा डॉलर आपल्या मुंबईच्या टाकसाळीत पडला होता!

याची हकीकत अशी. चीनच्या किनाऱ्यावरच्या व्यापारात मेक्सिकोचा चांदीचा डॉलर चाले. इंग्रजांनी 1866 मध्ये हाँगकाँगला टाकसाळ काढली, पण ती दोनच वर्षांत बंद पडली. इकडे 1893 मध्ये हिंदुस्थानच्या टाकसाळींत कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेण्याची मुभा सरकारने काढून घेतली. मग 1895 च्या राजाज्ञेने मुंबईत हा व्यापारी डॉलर पडू लागला. वजन 26.95 ग्रॅम, त्यात शंभरात नव्वद भाग चांदी, रुंदी 39 मिलिमीटर. त्या काळचा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे डॉलर दोन रुपयांहून जड. 1900 ते 1902 या काळात कलकत्त्यानेही तो पाडला. त्यावर ब्रिटानियाच्या पायाशी 'सी' आहे. 1925 आणि 1930 मध्ये लंडनने पाडलेल्यांवर खूण नाही. बाकी सगळा माल मुंबईचा. 1935 नंतर तो पडला नाही. मुंबईत घडलेले हे नाणे मुंबईच्या बाजारासाठी मात्र नव्हते. ते बोटीत बसून पूर्वेला जाई.

ब्रिटानियाच्या अंगाजवळ एक बारीक चिनी ठसा मारलेला आहे. आम्हाला तो ओरखडा वाटला होता. चीनमध्ये चांदी पारखणारा आपली खूण अशी नाण्यावर उमटवी. हे नाणे मी तपासले, खरे आहे, ही त्याची ग्वाही. या पारख्याला तिथले इंग्रज 'श्रॉफ' म्हणत. तो आपला 'सराफ', मूळचा अरबी 'सर्राफ'. हाँगकाँगमध्ये पैसे भरण्याच्या खिडकीला आजही श्रॉफ म्हणतात. आपल्या बुजुर्गांच्या बोटी जिथे गेल्या, तिथे आपले शब्दही गेले होते.

आता सनाचे कोडे. टाकसाळीत ठसा, म्हणजे डाय, कोरणे खर्चाचे काम. साल उलटले आणि ठसा चांगला असला, तर जुन्या आकड्यावर नवा आकडा ठोकत. त्यामुळे या डॉलरांत 1907 वर 1908, 1908 वर 1909 असे जोडसनाचे प्रकार सापडतात. अशा नाण्यात शेवटच्या नऊच्या डाव्या उघड्या जागेत आठची खालची कमान डोकावते. आमच्या नाण्यात तिथे एक रेघ आहे. ती आठची कमान आहे की नुसता मळ, हे आम्हाला ठरवता येत नाही. आणि ते ठरवता येत नाही, याला कारण आम्हीच.

चांदी हवेतल्या गंधकाच्या वायूने रंग बदलते. सल्फाइडचा अतिपातळ थर चढतो. आधी सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा, शेवटी काळा. कोकणची दमट हवा, कापड, पुठ्ठा याला हातभार लावतात. जाणकार अशा नैसर्गिक रंगाला घाण मानत नाहीत, नाण्याचे वय मानतात. आम्हाला हे ठाऊक नव्हते. एका ईदच्या आदल्या दिवशी भांडी घासताना आम्ही ब्रिटानियाची बाजू आमसूल आणि राखेने घासली. चकाकली! भिंगाखाली मात्र हजारो बारीक चरे दिसतात, आणि त्या आकड्याजवळचा पृष्ठभाग झिजलेला. जावी लिपीची बाजू सुदैवाने राहिली. तिच्यावर कडेने मोरपंखी झाक अजून आहे.

एका दुकानात विचारले, तर नाणे तराजूत टाकून चांदीचा भाव सांगितला. नाणी जोखणाऱ्यांची रीत निराळी. विल्यम शेल्डन या अमेरिकनाने 1949 मध्ये 1 ते 70 अशी मोजपट्टी मांडली. पुढे पीसीजीएस (1986) आणि एनजीसी (1987) या संस्था नाणे तपासून, गुण देऊन, पारदर्शक डबीत सीलबंद करू लागल्या. साठाच्या पुढचे गुण न वापरलेल्या नाण्याला. घासलेल्या नाण्याला सहसा गुणच मिळत नाहीत. ते अस्सल आहे आणि घासलेले आहे, एवढाच शेरा मिळतो. आमच्या आमसुलाचा शेरा तो!

एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचे नाणे ही पुरावस्तू आहे. ते कोणाला परस्पर परदेशी धाडता येत नाही. तेव्हा तपासणी देशातच करावी. त्याआधी घरी एवढे करता येते. वजन 26.95 ग्रॅमच्या आसपास आहे का, लोहचुंबक चिकटत नाही ना, कडेचे दाते सारखे आहेत का, ते पाहावे. या डॉलरच्या नकला खूप आहेत. नाणे कडेने धरावे. आणि काहीही झाले तरी घासू नये.

आमचा डॉलर आम्ही विकणार नाही. तो आता साध्या कागदी पाकिटात आहे. पाकिटावर आम्ही उर्दूत आणि मराठीत लिहिले आहे : कुठे पडला, कुठे गेला, कोणी आणला, कोणी घासला. चौथी ओळ लिहिताना शरम वाटली, पण इतिहास लिहायचा तर तीही लिहिली पाहिजे. आपल्या घराघरांतल्या पेट्यांत अशा वस्तू आहेत. त्या चकाकवण्याआधी एकदा वाचून पाहाव्यात. चकाकी पुन्हा काळी पडते. पुसलेले अक्षर परत येत नाही.