ध्वनिमुद्रिकेचे कर्तृत्व

‘द किंक्स’ या ब्रिटिश रॉक गटाचे ‘यू रिअली गॉट मी’ हे गीत १९६४ साली लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झाले. मुद्रिकेवर वादक म्हणून केवळ गटाचेच नाव होते. मोबदला घेऊन साथ करणाऱ्या वादकांची नावे छापण्याचा तेव्हा प्रघात नव्हता. या मौनातूनच प्रवाद जन्मला. गिटारचे एकलवादन सतरा वर्षांच्या डेव्ह डेव्हिस यांचे नसून जिमी पेज यांचे, असे म्हटले जाऊ लागले. निर्माते शेल टाल्मी आणि स्वतः पेज यांनी ते नाकारले, तरी प्रवाद टिकला. पियानो आपण वाजविल्याचे जॉन लॉर्ड यांनी सांगितले. अन्यत्र ते श्रेय आर्थर ग्रीनस्लेड यांना दिले जाते.

पेज (लेड झेपेलिन) आणि लॉर्ड (डीप पर्पल) यांना मोठी कीर्ती लाभली ती १९६८ नंतर. ड्रम वाजविणारे मात्र गटातील मिक एव्हरी नव्हते, तर बाहेरून बोलाविलेले बॉबी ग्रॅहम होते. येथे बाहेरचा वादक खरोखरच होता. तरीही त्याच्याभोवती दंतकथा निर्माण झाली नाही. तात्पर्य, कर्तृत्वाच्या निश्चितीत उत्तरकालीन कीर्ती पुराव्यावर मात करू शकते. निनावी कृतीचा कर्ता शोधताना एखादे नावच का सुचते, हा प्रश्न म्हणूनच समीक्षकाने आधी स्वतःला विचारावयास हवा.