मोजणारा डोळा आणि पाहणारा डोळा

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेतल्या एक बाई निवृत्त होत होत्या. निरोपसमारंभाचे फोटो काढायला आम्ही ओळखीतून एक जुना कॅमेरा मागून आणला होता. त्याच्या खिडकीला डोळा लावला की मधोमध एक पिवळसर ठिपका दिसे आणि त्या ठिपक्यात समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा. भिंगाचे कडे फिरवून त्या दोन्ही प्रतिमा एकावर एक बसवायच्या, म्हणजे फोटो स्पष्ट येतो, असे आम्हाला सांगितले होते. आम्ही ते अगदी मन लावून केले. आठवड्याने रोल धुऊन आला. प्रत्येक फोटोत बाईंचा चेहरा पुसट होता आणि त्यांच्या मागच्या भिंतीवरचे कॅलेंडर मात्र तारखा वाचता येतील इतके स्पष्ट! बाईंना द्यायला एकही धड फोटो नव्हता.

आम्ही प्रतिमा नीट जुळवल्या होत्या, भिंगही चांगले होते. मग चूक कुठे झाली? कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याने उलगडा केला. कॅमेरा कधीतरी पडला होता आणि आतला एक छोटासा आरसा किंचित कलला होता. कॅमेरा अंतर चुकीचे मोजत होता. आणि ते चुकते आहे हे कळायला आमच्याजवळ कुठलाही मार्ग नव्हता, कारण आम्ही ज्या खिडकीतून बघत होतो तिचा नि फोटो काढणाऱ्या भिंगाचा थेट संबंधच नव्हता. अशा कॅमेऱ्याला रेंजफाइंडर कॅमेरा म्हणतात. या कॅमेऱ्याचा इतिहास म्हणजे ‘मोजणे’ आणि ‘पाहणे’ यांच्यातल्या ओढाताणीचा इतिहास आहे.

त्रिकोणाची करामत

हाताचा अंगठा डोळ्यांसमोर धरा. आधी एक डोळा मिटून बघा, मग दुसरा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. हात लांब केला की उडी लहान होते. या उडीला पराशय म्हणतात. दोन डोळे आणि अंगठा मिळून एक त्रिकोण होतो. त्याचा पाया ठाऊक असेल आणि शिरोबिंदूचा कोन मोजता आला, तर अंगठ्याचे अंतर काढता येते. वर्गात मुलांना हे करायला सांगा. रेंजफाइंडर त्यांना निम्मा समजलाच म्हणून समजा.

रेंजफाइंडरमध्ये दोन डोळ्यांऐवजी दोन खिडक्या असतात. एकीतून सरळ दिसते, दुसरीतून आलेला प्रकाश आरशाने वळवून पहिल्या चित्रावर टाकलेला असतो. म्हणून प्रतिमा दोन दिसतात. आतला आरसा (किंवा भिंग अथवा लोलक) हलवून त्या जुळवल्या, की तो किती हलला त्यावरून कोन आणि कोनावरून अंतर मिळते.

आता थोडे गणित करू. पुढे ज्याचा उल्लेख येईल त्या लायका कॅमेऱ्यात हा पाया सुमारे ६९ मिलिमीटर असतो, म्हणजे आपल्या दोन डोळ्यांतल्या अंतरापेक्षा जरासाच जास्त. वस्तू १ मीटरवर असेल तर शिरोबिंदूचा कोन सुमारे ४ अंश येतो. २ मीटरवर २ अंश. १० मीटरवर ०.४ अंश आणि २० मीटरवर ०.२ अंश. जवळच्या वस्तूंत एका मीटरचा फरक म्हणजे दोन अंश, पण दूरच्या वस्तूंत दहा मीटरचा फरक म्हणजे जेमतेम ०.२ अंश! दूरचे अंतर अचूक मोजायचे तर पाया लांब हवा. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानच्या यामातो या युद्धनौकेवर सुमारे १५ मीटर लांबीचे अंतरमापक होते, ते याचसाठी. खिशातल्या कॅमेऱ्याला ही सोय नाही.

डोक्यावरून पोटात

जर्मनीतल्या वेट्झलर गावी एर्न्स्ट लाइट्झ यांचा सूक्ष्मदर्शकांचा कारखाना होता. तिथल्या ऑस्कर बार्नाक या तंत्रज्ञाने चलचित्रपटाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याचा नमुना १९१४ च्या सुमारास तयार केला. १९२५ च्या लाइपझिगच्या जत्रेत तो ‘लायका’ या नावाने लोकांपुढे आला. त्यात चौकट ठरवण्यासाठी एक साधी खिडकी होती, पण अंतर मोजायला आत काहीच नव्हते. अंतर नजरेने अजमावायचे, नाहीतर कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत वेगळा अंतरमापक बसवायचा. त्यावरचा आकडा वाचायचा आणि तो भिंगाच्या कड्यावर लावायचा. तोवर समोरचे मूल पळून गेलेले असे!

म्हणून मापक आणि भिंग एकमेकांना जोडण्याची कल्पना पुढे आली. अमेरिकेत कोडॅकने १९१६ मध्येच एका मोठ्या कॅमेऱ्यात ती वापरली होती. छोट्या कॅमेऱ्यात ती १९३२ साली आली, लायकात आणि त्याच वर्षी झाइस आयकॉनच्या कॉन्टॅक्समध्येही. भिंग फिरवले की आतला एक दांडा सरकतो आणि मापकातली प्रतिमाही सरकते. आकडा वाचायचे काम गेले. पण लायकात अजून एका खिडकीतून मोजायचे आणि दुसरीतून चौकट बघायची अशी कसरत होती. १९३६ च्या दुसऱ्या कॉन्टॅक्समध्ये दोन्ही कामे एकाच खिडकीत आली. १९५४ च्या लायका एम ३ मध्ये याच खिडकीत ५०, ९० आणि १३५ मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगांसाठी उजळ चौकटी दिसू लागल्या. खिडकी भिंगाच्या वर आणि बाजूला असल्याने जवळच्या माणसाचे डोके कापले जाण्याची भीती असते. ती कमी करण्यासाठी अंतरानुसार या चौकटी आपोआप सरकत. डोक्यावरचा मापक आता पुरता पोटात गेला होता.

जिथे त्रिकोण थकतो

तरीही तीन अडचणी उरल्याच. पहिली, दूरचे जवळ आणणाऱ्या लांब भिंगांची. त्यांना अंतर फार काटेकोर लागते आणि छोट्या पायाचा त्रिकोण तेवढे देऊ शकत नाही. म्हणून १३५ मिलिमीटरला गाडी अडली. दुसरी अडचण फार रुंद दृश्य टिपणाऱ्या भिंगांची. २१ मिलिमीटरच्या भिंगाची चौकट त्या खिडकीत मावतच नाही. त्यासाठी डोक्यावरच्या खाचेत पुन्हा वेगळी काचेची खिडकी बसवावी लागे. तिसरी, जवळच्या वस्तूंची. साधारण ७० सेंटिमीटरच्या अलीकडे दांडा आणि त्रिकोण दोन्ही काम सोडतात. फूल, मुंगी किंवा नाणे टिपायचे म्हटले की हा कॅमेरा हात टेकतो.

यावर लायकाने १९५१ साली ‘व्हिझोफ्लेक्स’ नावाची आरशाची पेटी काढली. ती कॅमेरा आणि भिंग यांच्या मध्ये बसे आणि भिंगाने पाडलेली प्रतिमाच डोळ्याला दाखवी. आता मोजायचे नव्हते, पाहायचे होते. पण पेटी अवजड होती. शिवाय भिंग फिल्मपासून दूर गेल्यामुळे नेहमीची छोटी भिंगे तिच्यावर नीट चालत नसत. हेच काम कॅमेऱ्याच्या आतच करणारे, आरसा नि लोलक असलेले कॅमेरे तोवर निघाले होते. १९५९ च्या निकॉन एफनंतर बहुतेक व्यावसायिक छायाचित्रकार हळूहळू तिकडे वळले. रेंजफाइंडर मागे पडला, पण संपला नाही. तो लहान होता, शांत होता आणि त्याच्या खिडकीत चौकटीबाहेरचेही दिसत असे. चौकटीत कोण शिरणार आहे, ते आधीच कळे.

पुन्हा डोक्यावर

फिल्मची जागा प्रकाश टिपणाऱ्या संवेदकाने घेतली. २००४ मध्ये एप्सनचा आर-डी १ हा पहिला डिजिटल रेंजफाइंडर आला, २००६ मध्ये लायका एम ८ आणि २००९ मध्ये एम ९. पण यातही डोळा जुन्याच खिडकीला लावायचा. या लायकांच्या संवेदकावरून सतत चालते चित्र वाचून घेण्याची सोय नव्हती. फोटो काढल्यावरच काय आले ते कळे.

सप्टेंबर २०१२ मध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या प्रदर्शनात नवा लायका एम मांडला गेला. त्याचा संवेदक वेगळ्या जातीचा होता. फोटो काढण्याआधीच तो चालते चित्र देऊ शके. आणि फ्लॅश बसवण्याच्या खाचेत एक छोटी इलेक्ट्रॉनिक खिडकी बसवता येई. तिच्या आत नखाएवढा पडदा आणि त्यापुढे भिंग असते. संवेदकावर पडलेले चित्र त्या पडद्यावर उमटते. १९२५ मध्ये वेगळा मापक कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसत होता, आता पाहणारा डोळा डोक्यावर बसला! २०१७ च्या एम १० साठी जी खिडकी मिळे, तिचे नावही जुन्या आरशाच्या पेटीचेच होते, व्हिझोफ्लेक्स.

या जोड-खिडकीने वरच्या तिन्ही अडचणी सुटल्या. आरशाच्या कॅमेऱ्यांची लांब भिंगे जोडकडे लावून वापरता आली. रुंद भिंगाची चौकट जशीच्या तशी दिसू लागली. जवळ जाण्याचे बंधनही सैलावले. २०२१ मध्ये लायकाचे असे एक ३५ मिलिमीटरचे भिंग आले, की ते ३० सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट प्रतिमा देते. ७० सेंटिमीटरच्या अलीकडे मात्र ते वापरायचे तर पडदा किंवा ही खिडकीच हवी.

पण फुकट काहीच मिळत नाही. पडद्यावरचे चित्र क्षणभर उशिरा येते, बॅटरी भराभर उतरते आणि फोटो घेताना चित्र क्षणभर नाहीसे होते. चौकटीबाहेरचे तर काहीच दिसत नाही. स्पष्ट कडा रंगवून दाखवण्याची एक सोय असते, पण ती फक्त काळ्या-पांढऱ्याचा तीव्र फरक शोधते. पट्ट्यापट्ट्यांचा सदरा दिसला की तीही फसू शकते. खात्री करायची तर चित्राचा तुकडा मोठा करून पाहावा लागतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये लायकाने एम ईव्ही १ हा कॅमेरा आणला. त्यात त्रिकोणाचा मापक काढूनच टाकला आहे आणि इलेक्ट्रॉनिक खिडकी आत बसवली आहे. जे डोक्यावर होते ते पुन्हा पोटात गेले.

शिक्षकांसाठी एक गोष्ट

मग मोजणारा डोळा वाईट आणि पाहणारा चांगला म्हणायचा का? आम्हाला तसे वाटत नाही. पळत्या मुलाचा फोटो घ्यायला आजही आम्ही दोन प्रतिमा जुळवणेच पसंत करू. महत्त्वाचे हे, की दोन्ही डोळे एकमेकांवर अवलंबून नाहीत. त्रिकोणाने मोजलेले बरोबर आहे का, ते संवेदकावरचे चित्र सांगते. आमच्या जुन्या कॅमेऱ्यात दुसरा साक्षीदार नव्हता. मापक कलला होता आणि त्याची चूक त्याच्याच खिडकीतून कधीच दिसली नसती.

प्रयोगशाळेतला तराजू, तापमापी किंवा वर्गातली परीक्षा यांचेही असेच आहे. मापन मनापासून केले म्हणून ते बरोबर ठरत नाही. अधूनमधून एखाद्या वेगळ्या वाटेने तपासून पाहावे लागते. आम्ही हे शिकलो ते एका पुसट चेहऱ्यामुळे. भिंतीवरचे ते स्पष्ट कॅलेंडर अजून आमच्या डोळ्यांसमोर आहे.