पोस्त, बलुतं आणि पगार

दिवाळी जवळ आली की नगर शहरातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चर्चा हमखास रंगते. घंटागाडीवाल्याला, झाडूवाल्या मावशींना, वॉचमनला पोस्त किती द्यायची? कुणी पन्नास म्हणतं, कुणी शंभर. "एकदा दिली की सवय लागते," असंही कुणीतरी म्हणतंच. पण त्या मावशींना ठेकेदार महिन्याला किती पगार देतो, हे कुणी विचारत नाही.

बक्षीस हा शब्द फारसीतून आला. त्याच्या मुळाशी असलेल्या क्रियापदाचा अर्थ 'देणं' असा आहे आणि 'माफ करणं' असाही आहे. म्हणजे देणारा वर, घेणारा खाली, हे शब्दातच बसलेलं आहे. आपल्या समाजाला हे शब्दकोशातून शिकावं लागलं नाही. आपण ते खळ्यावर शिकलो.

गावगाड्यात महाराला कामाबद्दल थोडी वतनी जमीन, सरकारकडून किरकोळ रोख रक्कम आणि शेतकऱ्याकडून बलुतं मिळे. काम कोणतं? दवंडी देणं, सरकारी टपाल पोचवणं, मयताचा सांगावा नेणं, मेलेली जनावरं ओढणं. कामाला ठरलेली वेळ नव्हती. घरातला एक माणूस नसेल तर दुसऱ्याने हजर व्हायचं. 1874 च्या वतन कायद्याने या राबवण्याला सरकारी शिक्का मिळाला. म्हणायला बलुतं हा हक्क होता, बावन्न हक्कांचा अभिमानही सांगितला जाई. पण तो हक्क मागायला खळ्याच्या कडेला उभं राहावं लागे. शेतकऱ्याची मर्जी असेल तर पेंढी मोठी, नसेल तर लहान. महारांनी मेलेली जनावरं ओढायला नकार दिला, की गाव बलुतं बंद करून बहिष्कार टाकी. ज्याची मजुरी दुसऱ्याच्या मर्जीवर चालते, त्याला 'नाही' म्हणता येत नाही. अकोले तालुक्यातल्या धामणगावात जन्मलेल्या दया पवारांनी 1978 साली आलेल्या आत्मकथनाला 'बलुतं' हेच नाव का दिलं, ते यावरून कळतं.

बाबासाहेबांनी दुखणं नेमकं ओळखलं. 1928 साली त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. "गावकऱ्यांनी बलुतं जरा सढळ हाताने द्यावं" अशी विनवणी त्यात नव्हती. बलुत्याऐवजी रोख पट्टी बसवा, ती सरकारने शेतसाऱ्याबरोबर वसूल करावी आणि महारांना द्यावी, ही त्यातली मागणी होती. म्हणजे देणारा आणि घेणारा समोरासमोर उभेच राहू नयेत. विधेयकाला विरोध झाला, त्यात फेरफार झाले आणि 1929 मध्ये त्यांनी ते मागे घेतलं. लढा मात्र थांबला नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या हरेगावला महार, मांग, वेठियांची परिषद झाली, तिला बाबासाहेब स्वतः हजर होते. अखेर 1958 च्या कायद्याने ही कनिष्ठ वतनं रद्द झाली. त्याआधी 1946 साली मजूरमंत्री म्हणून किमान वेतनाचं विधेयकही त्यांनीच मांडलं होतं. 1948 साली त्याचा कायदा झाला.

अमेरिकेतही हेच घडलं. गुलामगिरी संपल्यावर पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनडब्यांत काळे कामगार ठेवले. पगार तुटपुंजा, भिस्त प्रवाशांच्या टिपवर. मालकाचं नाव जॉर्ज, म्हणून प्रवासी प्रत्येक कामगाराला 'जॉर्ज' अशीच हाक मारत. आपल्या म्हाताऱ्यांनाही गावातली पोरं अरे-तुरे करत, ते आठवा. या कामगारांनी 1925 साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि 1937 मध्ये कंपनीला करार करायला लावला. त्यांनी टिप वाढवून मागितली नाही, पगार आणि कामाचे तास मागितले.

मग आज टिप द्यायची की नाही? द्यायची. शिर्डीच्या हॉटेलातल्या वेटरला, रात्री पार्सल आणणाऱ्या पोराला, ड्रेनेज साफ करणाऱ्या भावाला जरूर द्या. त्यांचा पगार अपुरा असताना तत्त्व म्हणून हात आखडणं म्हणजे आपलं तत्त्व त्यांच्या पोटावर चालवणं. पण रोख द्या, त्यांच्या हातात द्या, नावाने हाक मारून द्या. उरलेलं अन्न आणि विटकी साडी देऊ नका, ते बलुतंच आहे. सर्वांना सारखं द्या, "कोण नम्र आहे" हे पाहून नको. आणि जेवढी पोस्त द्याल, तेवढ्याच आग्रहाने ठेकेदाराला विचारा : किमान वेतन देतोस का? भविष्य निर्वाह निधी भरतोस का? दिवाळीला बोनस देतोस का? 1965 च्या कायद्याने बोनस हा कामगाराचा हक्क झाला, पोस्त ही देणाऱ्याची मर्जी. हक्काच्या जागी मर्जी आली की समजावं, बलुतं परत आलं.

आपल्यातले अनेक जण आज शिकून, नोकरी करून देणाऱ्याच्या बाजूला आले आहेत. खळ्याच्या कडेला आपले आजोबा उभे होते. आता खळं आपलं झालं म्हणून दुसऱ्या कुणाला तिथे उभं करू नका.

जय भीम!