लंगर दाराबाहेर जातो तेव्हा



दान पात्र पाहून करावे, हे आपण पाठशाळेपासून ऐकत आलो. मग फुटपाथवर झोपणारा, कदाचित दारू प्यायलेला माणूस पात्र की अपात्र? लंडनच्या शिखांचा इतिहास वाचताना हा प्रश्न मला सारखा आठवत होता.

तिथला पहिला गुरुद्वारा 1911 साली पटनी भागात सुरू झाला, 1913 मध्ये शेफर्ड्स बुशला गेला. पतियाळाच्या महाराजा भूपिंदरसिंगांनी पैसा दिला, म्हणून तो भूपिंद्र धर्मशाळा. नावातच धर्मशाळा आहे बघा! परदेशात उतरलेल्या नवख्याला आधी जेवण आणि पाठ टेकायला जागा लागते.

1950 नंतर पंजाबी मंडळी साऊथहॉलच्या आसपास कारखान्यांत कामाला लागली. 2003 साली तिथे हॅवलॉक रोडवर भव्य गुरुद्वारा उभा राहिला. नांदेडला लंगरात जेवलेल्यांना त्याची रीत सांगायला नको: एकाच पंगतीत सगळे, जात-धर्म कोणी विचारत नाही, आणि सगळ्यांना चालावे म्हणून जेवण शाकाहारी. (आमटीत कांदा-लसूण असतो, तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणी पोळी आणि खिरीवर भागवतील.)

पण याच साऊथहॉलमध्ये पुढे कागदपत्रे नसलेले पंजाबी तरुण रस्त्यावर आले. दलालाला पैसे भरून आलेले. काम गेले, आणि रिकाम्या हाती घरी परतायची लाज. कोणी पुलाखाली झोपे, कोणी नशेला लागले. गुरुद्वाऱ्यात तर नशा करून जाता येत नाही. म्हणजे जेवण सर्वांना खुले, तरी ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज तोच दाराबाहेर! तेव्हा ‘निष्काम स्वॅट’ नावाच्या संस्थेच्या तरुण सेवेकऱ्यांनी जेवणच बाहेर नेले. साऊथहॉलपासून ते मध्य लंडनच्या स्ट्रँड रस्त्यापर्यंत गेले, आणि रांगेत आता फक्त पंजाबी नव्हते, गोरे-काळे सगळेच होते.

रस्त्यावरच्या अन्नवाटपाला विरोधही झाला. 2011 मध्ये वेस्टमिन्स्टरच्या नगरपालिकेने तिथल्या कॅथेड्रलच्या परिसरात फुकट अन्न वाटायला बंदी घालायचा प्रस्ताव आणला. आयते जेवण मिळाले की माणूस रस्त्यावरच राहतो, असे त्यांचे म्हणणे. पुढे तो प्रस्ताव बारगळला. मला त्या म्हणण्यात थोडे तथ्य वाटते, पण बंदीत नाही. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात चार दाने सांगितली: आहार, औषध, उपकरण आणि आवास. ती मुनींच्या वैयावृत्याची, हे खरे; तरी आहाराच्या जोडीला आवास आहेच. आणि पात्रदानाखेरीज आपल्याकडे करुणादानही आहे. तिथे पात्रता तपासत नाहीत, समोरचा दुःखी आहे एवढे पुरते.

माझी अडचण वेगळीच आहे. रात्रिभोजनाच्या त्यागात स्वतः खाणेच नाही, तर दुसऱ्याला खाऊ घालणे आणि त्याला अनुमोदन देणेही येते. डिसेंबरात लंडनला चारच्या आत सूर्य मावळतो, आणि भुकेलेली माणसे अंधारात रांगेत उभी असतात. काही बहिणींना हे पटणार नाही, पण मी वाढेन. माझे जेवण दिवसाउजेडी उरकून.