जुहू कीं सांताक्रूझ?

२४ सप्टेंबर १९७२ या दिवशीं लंडनहून टोकियोस निघालेलें जपान एअर लाइन्सचें एक डीसी-८ विमान मुंबईवर आलें. त्यांत १२२ माणसें होतीं. उतरावयाचें होतें सांताक्रूझला. विमान उतरलें जुहूला. जुहूची धांवपट्टी जेमतेम पावणेचार हजार फुटांची. चार जेट यंत्रांच्या त्या अवजड विमानाला ती पुरणार कशी? पट्टी संपली तरी विमान थांबेना. तें पुढें जाऊन असें मोडलें कीं पुन्हा उडण्याजोगें राहिलें नाहीं. सुदैवानें प्राण मात्र कोणाचाहि गेला नाहीं.

अशा वैमानिकास नांवें ठेवणें सोपें आहे. पण १९ वर्षांपूर्वीं, १५ जुलै १९५३ रोजीं, ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनचें कॉमेट विमान हेंच करून बसलें होतें. कॉमेट म्हणजे प्रवासी वाहतुकीस लागलेलें जगांतील पहिलें जेट विमान. तें त्या आखूड पट्टीवर सुखरूप थांबलें, आणि पुढें तेथूनच उडवून बाहेर काढतां आलें. दोन देशांचे अनुभवी वैमानिक एकाच ठिकाणीं चुकतात, तेव्हां दोष केवळ त्यांच्या डोळ्यांचा म्हणतां येत नाहीं. त्याचें मूळ मुंबईच्या इतिहासांत शोधावें लागतें.

जुहूचा विमानतळ १९२८ चा. कराचीहून टपाल घेऊन निघालेले जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं येथेंच उतरले. पावसाळ्यांत मात्र हें मैदान चिखलानें भरून जाई, आणि टाटांना आपलें बिऱ्हाड पुण्यास हलवावें लागे. दुसऱ्या महायुद्धांत जवळच सांताक्रूझला लष्करी विमानांसाठीं प्रशस्त तळ झाला. युद्धानंतर मोठी प्रवासी वाहतूक तिकडे गेली. जुनें घर मात्र मोडलें नाहीं. लहान विमानें जुहूला येतच राहिलीं. आज तेथें मुख्यतः हेलिकॉप्टरें दिसतात.

आतां हें वरून कसें दिसतें तें पाहा. पश्चिमेकडून समुद्रावरून येणाऱ्यास किनाऱ्यालगत पहिली दिसते ती जुहूची पट्टी. सांताक्रूझची तिच्या आग्नेयेस, थोडी आंत. धांवपट्टीला तिच्या दिशेच्या अंशांवरून क्रमांक देतात. जुहूचा ०८, सांताक्रूझचा ०९. म्हणजे दोन्हींचीं तोंडें जवळजवळ एकीकडेच! होकायंत्राचा कांटा पाहिला तरी मोठा संशय येऊं नये. त्यांतून वैमानिक नजरेच्या भरंवशावर उतरत असला, तर "पट्टी दिसली" एवढें तो मनोऱ्यास कळवितो आणि मनोरा "उतरा" म्हणतो. कोणती पट्टी दिसली, हें त्या दोन शब्दांत कळत नाहीं. आणि हवी ती वस्तु सांपडली असें वाटल्यावर डोळा पुढें शोधीत नाहीं.

लंडनचेंहि असेंच झालें. हीथ्रोजवळ नॉर्थोल्ट हा जुना तळ. दोन्हींच्या वाटेवर गॅसची एकेक अजस्र टाकी, आणि वैमानिक ती खूण धरून येत. १९६० सालीं पॅन अमेरिकन कंपनीचें बोइंग ७०७ हीथ्रोऐवजीं नॉर्थोल्टला उतरलें. हॅरोच्या टाकीवर नॉर्थोल्टचीं 'एन ओ' आणि साउथॉलच्या टाकीवर हीथ्रोचीं 'एल एच' अशीं प्रचंड अक्षरें रंगविण्यांत आलीं. शाळेंत मुलांच्या वह्यांवर नांवें घालतात, तसाच हा प्रकार. पण मला तो फार शहाणपणाचा वाटतो. कॉमेटनें मुंबईस इशारा दिला होता. त्यानंतरहि १२२ जीव त्याच आखूड पट्टीवर यावेत, हें मनास लागतें.

यंत्रांनीं हा धोका पुष्कळ कमी केला आहे, संपविलेला नाहीं. नोव्हेंबर २०१३ मध्यें अमेरिकेंतील विचिटा शहरीं बोइंगचें अतिविशाल मालवाहू विमान रात्रीं मॅकॉनेल तळाऐवजीं जबारा नांवाच्या लहानशा विमानतळावर उतरलें. तेथेंहि तळ जवळजवळ, आणि पट्ट्यांच्या दिशा सारख्या. आपण नेमके कोठें आहोंत, हें वैमानिकांना व मनोऱ्यास उमगावयास कांहीं वेळ लागला. दुसऱ्या दिवशीं तें विमान त्याच लहान पट्टीवरून उडून मूळ मुक्कामीं गेलें.