माथेरानची हातरिक्षा : वस्तुरचना आणि सहवेदना

कर्जत तालुक्यातील माथेरानला १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे सुरू झाली. तथापि मोटारींना बंदी असलेल्या या गिरिस्थानाच्या चढ-उतारांवर घोड्यांबरोबर हातरिक्षाही प्रवासी वाहत राहिली. तिच्या रचनेत बसणाऱ्यासाठी आसन व छत होते; ओढणाऱ्याच्या श्रमांचा विचार मात्र नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रायोगिक वापर सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानवी ठरवून सहा महिन्यांत थांबविण्याचा, तसेच शासनाने ई-रिक्षा खरेदी करून हातरिक्षाचालकांनाच भाड्याने देण्याचा आदेश दिला. श्रम हलके करताना श्रमिकाची उपजीविका हिरावली जाऊ नये, ही दृष्टी त्यात आहे. वस्तुरचनेतील सहवेदना ग्राहकापाशी थांबली तर ती अपुरीच ठरते, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.